दिवाळीच्या बाजाराला सगळं घर घेऊन बर्डीवर जायचं असेल तर

दरवर्षी दसरा झाला की गावातल्या दोन-तीन बाया तरी मला विचारतातच, "तुमी सगळ्या घराले घेऊन नागपूरले कशा जाता वो, आमी दोघं नवराबायको गेलो तरी भांडूनच वापस येतो." तोंडी सांगून सांगून थकले, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते. बर्डी म्हणजे नागपुरातला सीताबर्डीचा बाजार. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं, जामच्या चौरस्त्यापासून आत. जाणारी माणसं पाच: सासूबाई, आमचे हे, मी, 12 वर्षांची पोट्टी अन् 5 वर्षांचा पोट्टा. जाऊबाई तिच्या लहान्याला घेऊन घरीच राहते, कारण गोठ्यात जनावरं आहेत अन् गर्दीत गेली की तिचं डोकं दुखते. आणि हे सगळं आम्हाला काही पहिल्यापासून जमत नव्हतं, पहिली तीन-चार वर्षं तर येताना एसटीत कोणी कोणाशी बोलायचं नाही.

सगळ्यात आधी खुंटा. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचा. खुंट्याला बांधलेला बैल कसा दाव्याच्या लांबीएवढा चरतो अन् पुन्हा खुंट्यापाशी येऊन उभा राहतो, तसा बाजारात सगळ्या घराला एक खुंटा पाहिजे. म्हणजे एक जागा, जिथं एक मोठं माणूस कायम बसलेलं असेल, पिशव्या त्याच्यापाशी असतील, अन् बाकीचे दोघं-दोघं जाऊन पुन्हा तिथंच येतील. हे नाव सासूबाईंनीच पाडलं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी चालून चालून त्यांचे गुडघे भरून आले, एका दुकानाच्या पायरीवर टेकल्या अन् म्हणाल्या, "मले नाई चालत बाप्पा आता, मी इथंच बसतो, तुमी या चरून." आम्ही हसलो खरं, पण त्या दिवशी पहिल्यांदा सगळा बाजार भांडण न होता झाला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण आतापर्यंत पाचही जणांचं लटांबर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरवत होतो अन् तिथंच चुकत होतो. मला ब्लाउजपीस पाहायला अर्धा तास लागतो, तोवर पोट्टा जमिनीवर लोळतो, हे बाहेर उभे राहून तोंड फुगवतात, अन् म्हातारं माणूस काही न बोलता दुखणं सोसतं. कोणाचीच चूक नाही, पण दिवसाचं वाटोळं होते.

खुंटा कुठं करायचा ते पुढं सांगते, आधी दिवस.

आमच्याकडं सोयाबीन विकून हातात थोडा पैसा आलेला असतो, कापसाचा पहिला वेचा निघालेला असतो, सीतादही (कापसाच्या शेतातली पूजा) झालेली असते, अन् पोरांना दिवाळीच्या सुट्ट्या लागतात. त्या सुट्ट्या लागल्या की पहिल्या एक-दोन दिवसांतच जाऊन या. धनतेरसच्या आदल्या दिवशी बर्डीवर गेलं तर तुम्ही चालत नाही, लोक तुम्हाला चालवतात. रविवारही टाळा, त्या दिवशी नोकरीवाले सगळे तिथंच असतात. आणि सकाळी लवकर, म्हणजे दुकानं उघडतात तेव्हा, साडेदहा-अकराच्या आसपास पोचलेलं चांगलं, तेव्हा बोहनी झालेली नसते अन् दुकानदाराला पहिलं गिऱ्हाईक वापस पाठवायचं नसते.

काही दिवस मात्र कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, नागपूरच्या महाल-इतवारीकडं बाजाराला जाऊ नका, त्या दिवशी मारबती, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका, निघतात. काळी मारबत 1881 पासून अन् पिवळी 1885 पासून, नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते, तेव्हा तिथं मुंगी शिरायला जागा नसते. पाहायला जरूर जा, एकदा तरी पाहावंच, पण पिशवी घेऊन जाऊ नका. तसंच दसऱ्याचं. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, गाड्या-एसट्या सगळ्या भरून असतात, त्या दिवसांत जायचं तर दर्शनालाच जायचं. आणि डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन असलं की मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलीस अडवतात, मग झिरो माइलपासून बर्डीपर्यंत रस्त्यांचा काही भरवसा राहत नाही. एका वर्षी नातेवाइकाच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही नेमके त्याच आठवड्यात गेलो होतो, ऑटोत बसून पाऊण तास एकाच ठिकाणी, सासूबाई शेवटी ऑटोवाल्यालाच त्याच्या पोराबाळांची चौकशी करत बसल्या.

आदल्या रात्रीचं काम. आमच्या घरी लग्नाच्या आहेराची रिकामी पाकिटं फेकत नाहीत, मी ती डब्यात ठेवते, अन् बाजाराच्या आदल्या रात्री त्यावर नावं लिहिते. आजी, पोट्टी, पोट्टा, जाऊबाईचा लहाना, घरसामान, खाणं, भाडं. ज्याचे पैसे त्याच्या पाकिटात. ज्याचं पाकीट संपलं त्याची खरेदी संपली, मग ती पोट्टी कितीही रुसू दे. याचा फायदा असा की "माझ्यावर कमी खर्च केला" हे बोलणंच बंद होते कारण सगळ्यांनी पाकीट पाहिलेलं असते. गर्दीत फोनपे कधी चालते कधी नुसतं गोल गोल फिरते, म्हणून नगदी पाहिजेच. पण सगळी एका जागी ठेवू नका, अर्धी पाकिटं माझ्या आतल्या बटव्यात, अर्धी यांच्या आतल्या खिशात, अन् परतीचं भाडं सासूबाईंच्या कमरेला. ते पैसे कोणीही मागितले तरी द्यायचे नाहीत असं त्यांना सांगून ठेवलं आहे, अन् त्या खरंच देत नाहीत, एकदा यांनीच मागितले होते तर म्हणे "थांब, घरी गेल्यावर देतो."

आता काडीची गोष्ट. जो माणूस सोबत येणार नाही त्याची चप्पल-बूट आणायचे असतील तर नंबर विचारत बसू नका, लहान्या पोराचा नंबर महिन्यागणिक बदलते अन् प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा निघते. खराट्याची एक सरळ काडी घ्या, पोराला भिंतीला टाच लावून जमिनीवर उभं करा (उचलून धरून नाही, अंग टेकलं की पाय पसरतो), टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजा अन् त्याच्यावर आपलं एक बोट आडवं ठेवून तेवढी जास्त काडी तोडा. दोन्ही पायांची मोजा, जो पाय मोठा तो खरा. दुकानात काडी बुटात आत सरकवायची, पार टोकापर्यंत, वाकायला नको अन् खुळखुळायलाही नको. सँडल असेल तर तळव्यावर ठेवून पाहायची. पहिल्यांदा मी पिशवीतून काडी काढली तर दुकानातला पोरगा हसला होता, मग त्यानंच दोन-चार बूट काढून स्वतः काडी घालून पाहिली.

पिशवीत आणखी काय: ज्या साडीवर ब्लाउज पाहिजे तिची कापलेली पट्टी (पूर्ण साडी कशाला वाहायची, काठाजवळचा दोरा-पट्टी पुरते), पांढरा रुमाल, पाण्याच्या बाटल्या, पोट्ट्याची एक जास्तीची चड्डी, सासूबाईंच्या गोळ्या, आधार कार्डं, अन् रिकाम्या थैल्या एकात एक घालून. पोट्ट्याच्या हातावर बॉलपेननं फोन नंबर लिहायचा. घराबाहेर पडताना पोरांचा त्याच कपड्यात एक फोटो काढून ठेवायचा. हरवलं तर "निळं शर्ट होतं का हिरवं" ह्यावरूनच नवराबायकोचं भांडण लागते, फोटो दाखवला की संपलं.

जाताना आम्ही एसटीनं जातो. मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, 65 च्या वरच्यांना पण अर्धं, 75 च्या वर तर फुकटच, 5 ते 12 च्या पोरांनाही अर्धं, त्यामुळं आमच्या घरात पूर्ण तिकीट फक्त यांचंच, अन् ते दरवर्षी एकदा ऐकवतातच की सरकारनं मलाच काहून सोडलं. आधार जवळ ठेवा, कंडक्टर मागतो. आता खरी युक्ती: वर्धा रोडनं, म्हणजे जाम-बुटीबोरीकडून येत असाल तर पार स्टँडपर्यंत जाऊ नका. बसमध्ये चढतानाच कंडक्टरला सांगा खापरीला उतरायचं आहे. खापरीवरून मेट्रोची नारंगी लाइन सुरू होते, ती सरळ सीताबर्डीला आणून सोडते. एअरपोर्ट, छत्रपती चौक, अजनी, काँग्रेस नगर, सगळी गर्दी खाली राहते अन् आपण वरून. पोरांची अर्धी सहल तर इथंच होते, खिडकीला नाक लावून बसतात. पिशव्या मशीनमधून जातात, घाबरायचं काही नाही. घाबरायचं ते सरकत्या जिन्याला. सासूबाईंचं पातळ एकदा त्या जिन्याच्या कडेला घासलं अन् त्या मधेच थांबल्या, मागचे सगळे अंगावर. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाला घेऊन थेट लिफ्टकडं, लाज बाळगायची नाही, लिफ्ट त्यांच्यासाठीच आहे. आणि हो, मेट्रो स्टेशनवर उतरल्या उतरल्या सगळ्यांनी बाथरूमला जाऊन घ्यायचं. लागली असो नसो. बर्डीच्या आत शिरल्यावर बाईमाणसाला जागा शोधणं म्हणजे काय असते ते आपल्यालाच माहीत.

आता बर्डी. मुंजे चौकात मेट्रोचं स्टेशन, तिथून मेन रोडवर आलात की एका टोकाला व्हरायटी चौक अन् दुसऱ्या टोकाला लोखंडी पूल. मधल्या रस्त्याला मोदी नंबर 1, 2, 3 अशा गल्ल्या फुटतात. नवीन माणसानं एवढं डोक्यात ठेवलं तरी हरवत नाही, कारण कोणालाही "मोदी नंबर दोन कुठं" म्हटलं की बोट दाखवतेच. गल्लीचा नंबर लक्षात ठेवा, दुकानाचं नाव नाही, सारख्या नावाची दुकानं पुष्कळ.

खुंटा कुठं करायचा ह्याची माझी पद्धत अशी. सगळ्यात मोठी खरेदी जिथं करायची, बहुतेक साड्यांचं किंवा कपड्यांचं दुकान, तिथं सगळ्यात पहिले जायचं, पाचही जण. सासूबाईंचं पातळ, माझी साडी, जे काय असेल ते तिथंच घ्यायचं, बिल द्यायचं, अन् मग काउंटरवरच्या माणसाला नरमाईनं म्हणायचं, "भाऊ, आजीचे गुडघे दुखतात, तासभर बसू द्याल का, सामान पण इथंच ठेवतो." बोहनीचं गिऱ्हाईक, बिल झालेलं, वरून म्हातारी बाई, दहातले आठ जण हो म्हणतात, दोघं-तिघं तर चहा पण विचारतात. बिलाच्या आधी विचारू नका, तेव्हा त्याला वाटते हे घेणार नाहीत नुसते बसणार आहेत. एका वर्षी एका मोठ्या दुकानात साडीचं बिल देऊनही त्यांनी सासूबाईंना उठवलं, म्हणे सोफा गिऱ्हाइकांसाठी आहे. तेव्हापासून त्या दुकानाची पायरी आम्ही चढलो नाही अन् आमच्या गावातल्या सात-आठ घरांनी पण. लहान दुकान बरं, गादीवाला स्वतः बसलेला असतो.

खुंट्यावर नुसत्या म्हाताऱ्या माणसाला बसवून सगळं पळायचं नाही. आमच्यात असं ठरलं आहे की पोट्टा खुंट्यावर असेल तर सोबत मी नाहीतर हे, सासूबाई एकट्या असतील तर फक्त सामान, पोरं नाही. अन् वेळ बोलून जायचं. "आलोच" हा शब्द बंद. "साडेबाराला" म्हणायचं, फोन गर्दीत ऐकू येत नाही अन् पर्समधून काढेपर्यंत कटून जाते.

पोट्टा हरवण्याचं पण सांगूनच टाकते. मागच्या वर्षी, चार वर्षांचा होता, मी चपलेचा पट्टा पाहायला वाकले अन् हात सुटला. फुग्यावाला गेला होता. दहा मिनिटं असतील पण माझ्या अंगातलं पाणी झालं. हे एका बाजूला पळाले मी दुसऱ्या बाजूला, अन् पोट्टा कुठं होता तर जिथं हात सुटला तिथून चार पावलांवर, एका बांगड्यावालीच्या गाडीपाशी मांडी घालून बसलेला. आदल्या रात्री त्याला शिकवलं होतं की हरवला तर चालायचं नाही, तिथंच खाली बसायचं, अन् सामान विकणाऱ्या मावशीला हातावरचा नंबर दाखवायचा. ती बाई नंबर लावतच होती, पण फोन माझ्या पर्समध्ये वाजत होता अन् मला ऐकू येत नव्हता. पोराला हे शिकवताना "पोलीस पकडून नेतील" म्हणून भीती घालू नका, उलट पोलीस दिसले तर त्यांच्याकडं जा म्हणून सांगा. 112 अन् लेकरांसाठी 1098, दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा.

घ्यायचा क्रम: पोरांचे कपडे पहिले, पोरं ताजीतवानी असतात तोवर. दुपारनंतर त्यांना शर्ट घालून पाहा म्हटलं की रडतात. मग चपला-बूट. मग माझं मॅचिंग, तेव्हा पोरं खुंट्यावर नाहीतर यांच्यासोबत. जड सामान, डबे, भांडं, रांगोळी, पणत्या, सगळ्यात शेवटी. पणत्या तर मी नागपुरातून आणतच नाही, गावातल्या कुंभाराकडं मिळतात अन् थैलीत फुटत पण नाहीत. फटाके तर अजिबात नाही, एसटीत, रेल्वेत, मेट्रोत कुठंच चालत नाहीत, पकडलं तर दिवाळी तिथंच.

कपडा पाहायची माझी रीत. फ्रॉक उलटा करायचा, आतली शिलाई पाहायची, बाजूला अर्धा-पाऊण इंच कापड सोडलेलं आहे का. असेल तर पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येते, नसेल तर कितीही चमकदार असू दे, एका दिवाळीचा आहे. पांढऱ्या रुमालाचं टोक पाण्यात भिजवून आतल्या बाजूनं कापडावर जोरात घासायचं. लाल अन् जांभळ्यावर तर घासायचंच. रुमालावर रंग उतरला तर घरी बादलीतले सगळे कपडे गुलाबी होतील. फूटपाथवाला म्हणतो, "ताई असं काय करता, कंपनीचा माल आहे," तर म्हणायचं, "कंपनीचा आहे तं रुमालाले काहून भेता?" ब्लाउजपीसचा रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. पट्टी अन् कापड दोन्ही घेऊन दारापर्यंत या, उजेडात पाहा. मी एकदा आत मोरपिशी घेतलेला कपडा घरी आल्यावर बाटलीच्या हिरव्या रंगाचा निघाला, अजून पेटीत आहे.

भाव करायचा तो फूटपाथवर, पाटी लावलेल्या दुकानात नाही, तिथं उगीच दोघांचाही वेळ जाते. फूटपाथवर पोट्टीच्या कुर्तीचे 350 सांगितले. मी काही न बोलता बाजूची कुर्ती पाहायला लागले. अर्धा भाव सांगून मोकळं होणं मला पटत नाही, तो पण माणूसच आहे, उन्हात उभा आहे. मी आधी दोन-तीन गाड्यांवर त्याच मालाचा भाव नुसता ऐकून येते, विकत घ्यायचा चेहरा न करता. तिथं 250 ऐकलं होतं. मग वापस येऊन म्हटलं, "दोन घेतो, 450 द्या." दिल्या. दोन घ्यायच्या होत्याच, पण ते शेवटी सांगायचं. आणि पोट्टीला आधीच सांगून ठेवायचं की आवडलं तर माझा हात दाबायचा, तोंडानं "मम्मी हेच पाहिजे" म्हणायचं नाही. तोंडानं म्हटलं की 50 रुपये वाढले.

इतवारीचं वेगळं सांगते. ठोकमध्ये किराणा, मसाले, गांधीबागेत कापडाचे ताके, सराफा, हे घ्यायचं असेल तर सगळं घर नेऊ नका. तिथल्या गल्ल्या अरुंद, हातगाड्या, हमाल, पोरांचं काम नाही. दोघांनी जायचं, सीताबर्डी स्टेशनवरूनच मेट्रोची अॅक्वा लाइन पकडून अग्रसेन चौकात उतरायचं, तिथून जवळ पडते. ठोकवाला एक किलो-दोन किलो देत नाही, म्हणून आम्ही शेजारच्या तीन घरांचं मिळून तिखट-धने-हळदीचं सामान आणतो अन् गावात वाटून घेतो. सोन्याचं काही असलं, मंगळसूत्राची वाटी का असेना, तर त्यावर हॉलमार्कसोबत सहा आकडे-अक्षरांचा एचयूआयडी नंबर पाहा, 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचा दागिना त्याच्याशिवाय विकता येत नाही, बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कळते. अन् पक्कं बिल. "बिल नको असेल तर थोडं कमी करतो" म्हटलं की आपण पाण्याचा घोट घ्यायचा अन् बिलच मागायचं.

दोघं इतवारीला गेले की उरलेल्यांनी काय करायचं? आम्ही झिरो माइलला जातो, बर्डीपासून मेट्रोचं पुढचंच स्टेशन. दगडी खांब अन् चार घोडे, दगडावर 1907 साल आहे. खांबावर इंग्रजीत गावांची नावं अन् मैलांची अंतरं कोरली आहेत, हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, अन् त्यात चंद्रपूर नाही, चांदा आहे. पोट्टीनं वाचून दाखवलं तर सासूबाई एकदम खूश, त्यांचं माहेर तिकडचं, आजही चांदाच म्हणतात, "पाय, इंग्रजायले बी मायं माहेर माहीत होतं." पोरांना प्राणी पाहायचे असले तर महाराजबाग जवळ आहे, अजब बंगला, म्हणजे म्युझियम, पण आहे, 1863 चा, पण सोमवारी जाऊ नका, बंद असते. समोर टेकडीवरचा सीताबर्डीचा किल्ला मात्र नुसता खालूनच दाखवायचा, तो सैन्याकडं आहे, लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे अन् 15 ऑगस्टलाच उघडतात. 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची इंग्रजांशी लढाई तिथंच झाली. पोट्टा विचारत होता तोफ चालू आहे का.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी तर्री पोहा खायचाच, हरभऱ्याच्या पातळ तिखट तर्रीत पोहे बुडवून, पण पोरांच्या पोह्यावर तर्री वेगळी अन् कमी घ्या. दुपारी घरून नेलेल्या पोळ्या, फल्लीची चटणी अन् आलूची भाजी, खुंट्यावर नाही, दुकानात तेलाचे हात नकोत, मेट्रोच्या बाहेर एखादी सावली पाहून. ह्यांना दरवर्षी सावजी मटण आठवते. सावजी दुपारी खाऊन लेकरं घेऊन बाजारात फिरायचं म्हणजे स्वतःच्या हातानं दुखणं मागून घेणं, म्हणून मी म्हणते घरी जाऊन करू. संत्रा बर्फी मात्र अर्धा किलो जाऊबाईसाठी. संत्री घेऊ नका, काटोल-नरखेडकडची पाहुणे मंडळी असतील तर ते पोत्यानं पाठवतात.

वापस येताना वेगळं करायचं. खापरीला उतरून बस पकडायच्या भानगडीत पडू नका, संध्याकाळी तिथपर्यंत आलेल्या एसटीत पाय ठेवायला जागा नसते अन् कित्येक तर थांबतच नाहीत. बर्डीवरून ऑटो करून सरळ गणेशपेठच्या स्टँडवर जा, जिथून गाडी सुटते तिथंच चढा, जागा मिळते. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीचीच पकडायची. चढताना पिशव्या मोजायच्या, उतरताना मोजायच्या. आम्ही पोट्ट्याला मोजायला लावतो, त्याला काम मिळते अन् तो झोपत नाही.

घरी आल्यावर कितीही थकलो तरी त्याच रात्री सगळं काढून पाहायचं अन् बिलं त्या-त्या आहेराच्या पाकिटात घालून ठेवायची, कारण बदलून द्यायची मुदत चार-आठ दिवसांचीच असते अन् दिवाळीत ते दिवस कुठं जातात कळत नाही. मागच्या वेळी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. जाऊबाईचा लहाना झोपला होता. तिनं बुटाच्या डब्यातून आधी काडीच काढली, मग झोपेतच त्याच्या पायात बूट चढवला अन् टाचेमागं आपलं बोट घालून पाहिलं. एक बोट बरोबर बसलं.